हलतं ते सोडून

१

दुपारचे साडेबारा झाले की सुनीती ताट घेऊन नारायणरावांच्या खोलीत जाई आणि आधी पंखा बंद करी. वाऱ्याने भात सुकतो आणि सुकलेलं शीत त्यांच्या घशात अडकतं, हे ती एकदा घाबरून शिकली होती. मग खाटेची कळ फिरवून त्यांना बसतं करायचं, हनुवटीखाली पंचा खोचायचा, आणि त्यांचा उजवा हात आपल्या हातात धरून, त्यांच्याच लुळ्या बोटांतून, ताटाच्या कडेला भाताच्या पाच चिमटी ठेवायच्या. जेवणाआधीची ही चित्राहुती नारायणरावांनी मुंजीपासून कधी चुकवली नव्हती. पारनेरच्या हायस्कुलात हेडक्लार्क होते तेव्हाही डबा उघडला की आधी कागदाच्या तुकड्यावर पाच चिमटी काढून ठेवत. शिपाई हसत, हे पुटपुटत राहत.

आता पुटपुटायचं काम सुनीतीचं होतं. ऑगस्टातल्या पहिल्या झटक्याने त्यांची उजवी बाजू आणि वाचा नेली, डिसेंबरातल्या दुसऱ्याने उरलेलंही नेलं. गिळता येत होतं आणि डोळे हलत होते. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. बत्तीस वर्षांचा संसार आता एवढ्यावर चालला होता.

मऊ भाताचे आठ-दहा घास झाले की ती त्या पाच चिमटी गोळा करी. पूर्वी त्या खिडकीबाहेर मुंग्यांना, पाखरांना जात. जानेवारीपासून ती त्या खाटेशेजारच्या घडवंचीवर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये टाकू लागली. अन्न टाकून देऊ नये, आणि कुणाच्या तरी तोंडी लागणार असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही, अशा घरात ती वाढली होती.

ट्रेमध्ये अळ्या होत्या.

२

कल्पना रुचाची, त्यांच्या एकुलत्या मुलीची. नारायणरावांना पाखरांचं वेड. खिडकीपाशी शेवगा, शेवग्यावर दिवसभर काही ना काही. दुसऱ्या झटक्यानंतर पाखरू दिसलं की त्यांची नजर त्याच्यामागे जाते, एवढं रुचाच्या लक्षात आलं होतं. तिने पुण्याहून कुरिअरने शंभर जिवंत अळ्यांचा डबा पाठवला आणि फोन केला.

"आई, किळस करू नकोस हं. कोंड्यात वाढवायच्या, मूठभर खिडकीत ठेवायच्या. पक्षी तुटून पडतात. पिठातल्या अळ्यांच्या थोरल्या बहिणी समज."

"पिठात अळ्या निघाल्या म्हणून तुझ्या आजीने मला आठ दिवस टोमणे मारले होते. आणि तू त्या विकत घेऊन पाठव!"

"शिकवतेस ना मला नेहमी, काही नवीन शिका म्हणून? आता तू शीक."

सुनीतीने जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं होतं. तिने मोबाईलवरचा व्हिडिओ तीनदा पाहिला आणि वहीत टिपणं काढली. पसरट ट्रे, चार बोटं गव्हाचा कोंडा, वरून वर्तमानपत्र, कारण यांना उजेड सोसत नाही. पाण्याची वाटी ठेवायची नाही, बुडून मरतात. ओलाव्याला गाजराची फोड. खोली उबदार हवी. अळीचा कोष होतो, कोषाचा काळा भुंगा, भुंग्याची अंडी, अंड्यांच्या पुन्हा अळ्या. भुंगे वेगळ्या ट्रेत. कोष तर दिसल्या दिसल्या वेचून काढायचे, कारण, व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, कोष पळू शकत नाही.

घरात मुंग्या नसलेली आणि थंडीत ऊब असलेली एकच खोली होती, नारायणरावांची. तिने घडवंचीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आणि ट्रे तिथे मांडला. नारायणरावांना अंघोळ घालायला सकाळी गोजरबाई येई. तिने ट्रेत डोकावून पदर नाकाला लावला.

"बाई, घरात एक कोंबडी न्हाई आन किडं पाळता व्हय?"

"भाऊसाहेबांच्या पाखरांसाठी आहेत, गोजरबाई."

"मग ऱ्हाऊ द्या. भाऊसाहेबांना गंमत वाटंल. मला मात्र हात लावाया सांगू नका, आदीच सांगते."

आणि खरोखरच गंमत झाली. चौथ्या दिवशी एक दयाळ खिडकीच्या फरशीवर उतरला, काळापांढरा, शेपटी ताठ. त्याने अळी उचलली, फरशीवर डावीकडे आपटली, उजवीकडे आपटली, पुन्हा डावीकडे, ती निपचित पडेपर्यंत, आणि गिळली. नारायणरावांचे डोळे डावीकडे गेले, उजवीकडे गेले. महिनाभराने मान गेली. दोन बोटं, पण गेली. आठवड्यातून दोनदा नगरहून येणारा फिजिओथेरपिस्ट हर्षल टाळी वाजवून म्हणाला, "काकू, मी फी परत द्यायला हवी. काम पाखरं करतायत."

त्या दिवशी सुनीतीने देवापाशी साखर ठेवली. मान फिरली, म्हणजे हात फिरेल. तिला दुसरं काही नको होतं.

३

मार्चमध्ये तिला ताप आला आणि दोन दिवस कोष वेचायचे राहिले. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उचललं तेव्हा बरेचसे कोष पोकळ झाले होते. पांढरट अंग, पाय पोटाशी दुमडलेले, देवाला हात जोडून निजल्यासारखे, आणि डोक्याच्या जागी भोक. एक अजून जिवंत होता. ढोसल्यावर हलवायचं ते टोक तो एकसारखं हलवत होता. टोक हलत होतं म्हणून तिथे कुणी नव्हतं. दुसऱ्या बाजूला सहा-सात अळ्या शांतपणे जेवत होत्या.

तिने तो चिमट्याने उचलून खिडकीबाहेर टाकला. नारायणराव बघत होते.

"तुम्ही नका बघू," ती म्हणाली, आणि मग लक्षात आलं, ते दुसरीकडे कसं बघतील? खाट तिनेच अशी लावली होती.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट. एक दिवस ताट घेऊन येताना तिने सहज ट्रेवरचा कागद बाजूला केला, चिमटी टाकायला सोपं जावं म्हणून. एरवी कोंड्यात बुडून असणाऱ्या अळ्या वर आल्या होत्या, आणि त्यांचे पाच ढीग झाले होते. लहान, सारख्या अंतरावर, एका ओळीत. भात अजून नारायणरावांच्या बोटांत होता.

ती शिक्षिका होती. तिने विचार केला: रोज त्याच पाच जागी भात पडतो, तिथला कोंडा ओलसर राहतो, ओल असेल तिथे जीव जमतात. यात काय आहे? दुसऱ्या दिवशी तिने कोंडा पूर्ण बदलला, कोरडा घातला आणि ट्रे उलटा फिरवून ठेवला. साडेबाराला कागद उचलला. पाच ढीग होते. काल ओळ ट्रेच्या ज्या कडेला होती, ती कड आता भिंतीकडे गेली होती. ट्रे फिरला होता, ओळ फिरली नव्हती. ती होती तिथेच होती, खाटेच्या बाजूला, नारायणरावांच्या उजव्या हाताच्या रोखाने.

तिने भात टाकला नाही. कागद झाकून ती त्यांना भरवायला बसली. भरवताना मागून आवाज येत राहिला. सुक्या पाचोळ्यावर बारीक पाऊस पडावा तसा, ऐकायला गेलं तर जवळजवळ गोड. शेवटचा घास झाला तरी तो थांबेना. तेव्हा ती उठली, पाच चिमटी टाकल्या, आणि आवाज थांबला.

४

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन असं तापलं की शेवग्याची पानं दुपारी मिटून जात. सुनीतीने जेवण झाल्यावर पंखा जोरात लावला होता. ती पाणी आणायला दाराकडे वळली आणि दयाळ खिडकीतून आत आला. असं तो कधी करत नसे. बाहेर काही दिवस अळ्या तशाच पडून राहत होत्या. तो यायचा, एक उचलायचा, टाकून द्यायचा, उडून जायचा. आज तो सरळ खोलीत आला, छताला एक फेरी मारली आणि पंख्याच्या पात्यात सापडला.

आवाज टाळी वाजवल्यासारखा झाला. पिसं उडाली. पाखरू भिंतीवर आपटून उघड्या ट्रेमध्ये पडलं.

सुनीतीने धावत जाऊन बटण बंद केलं. मग स्वयंपाकघरातून वाटीत पाणी आणलं. नंतर तिने कितीदा तरी मनात ते अंतर मोजलं: खोली ते स्वयंपाकघर अकरा पावलं, माठातून पाणी घ्यायचं, अकरा पावलं परत. फार तर एक मिनिट.

दयाळाचा उजवा पंख जिवंत होता. तो कोंड्यावर फडफडत होता, थांबत होता, पुन्हा फडफडत होता. त्या पंखाभोवती वीतभर जागा मोकळी होती. बाकीच्या पाखरावर मात्र पिवळा थर चढला होता आणि तो थर हलत होता. तिने हात घातला. पाखरू उचललं गेलं तेव्हा ते फार हलकं लागलं. पोटाकडची बाजू नव्हती. बारीक फासळ्या दिसत होत्या, धुऊन ठेवल्यासारख्या स्वच्छ, आणि आत काहीतरी अजून धडधडत होतं.

तिने आयुष्यात झुरळ सोडून काही मारलं नव्हतं. तिने ते पाखरू पंच्यात गुंडाळलं, जमिनीवर ठेवलं आणि वरून टाच दाबली.

नारायणरावांनी सगळं पाहिलं होतं. त्यांची नजर पंच्यावर नव्हती. ती ट्रेवर होती.

"अहो," तिने विचारलं, "तुम्हाला त्यांची भीती वाटते?"

पापणी एकदा मिटली. आणि उघडायला फार वेळ लागला.

५

संध्याकाळ व्हायच्या आत तिने एव्हाना एकाचे तीन झालेले ट्रे उचलून घराच्या मागच्या पडवीत नेले. खोली लिंबाचा पाला टाकून धुतली. खाटेच्या पायांखालीही पाण्याच्या वाट्या ठेवल्या. अळ्या टाकून का दिल्या नाहीत, असं नंतर रुचाने विचारलं तेव्हा तिला नीट सांगता आलं नाही. खरं कारण एवढंच होतं की पाखरांमुळे मान दोन बोटं फिरली होती, आणि पाखरं पुन्हा येतील अशी तिला आशा होती. आशेच्या पायी माणूस घरात काय काय ठेवून घेतो.

पाखरं आली नाहीत. शेवगा रिकामाच राहिला.

गुरुवारी हर्षल आला. त्याने नारायणरावांना कुशीवर वळवलं आणि पाठीच्या खालच्या बाजूला बघत राहिला.

"काकू, इथे जखम होतेय. पडून पडून होते, घाबरू नका. पण मला सांगा, साफ कोण करतं?"

"कुठली जखम? मला काल दिसली नाही."

"काल नव्हती असं कसं होईल? ही आठ-दहा दिवसांची तरी असणार." त्याने वाकून मोबाईलचा उजेड पाडला. "पण मानलं पाहिजे. मेलेलं मांस जरासुद्धा नाही, पू नाही, कडा बघा किती स्वच्छ. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यातही अशी राखत नाहीत."

रुपयाएवढी गोल जागा होती. लाल, ओली, कोरून काढल्यासारखी. सुनीतीने असं काहीतरी पाहिलं होतं, आणि कुठे पाहिलं ते तिला आठवायचं नव्हतं.

"हर्षल, त्यांना कळत असेल का? तिथे काही होत असेल तर?"

"कळतं, काकू. लकवा हालचालीचा आहे. दुखणं सगळं कळतं त्यांना."

तो गेल्यावर ती पडवीत गेली. दार लावलेलं होतं. ट्रे होते तिथेच होते. तिने पहिल्यावरचा कागद उचलला. पाच ढीग, भिंतीकडच्या कडेला. त्या भिंतीपलीकडे नारायणरावांची खाट होती.

६

आता तिला एवढंच कळत होतं की हलतं त्याला अळ्या शिवत नाहीत.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. अळी म्हणजे अळी, तिला भिंत ओलांडता येत नाही, पाणी ओलांडता येत नाही. खाटेखाली तिने शंभरदा पाहिलं, गादी उलटी करून पाहिली, एकही नव्हती. आणि तरीही खोली शांत झाली की तो आवाज येई. पाचोळ्यावरचा पाऊस. तिने नारायणरावांचा पाय उचलून हलवला की थांबे.

म्हणून ती हलवू लागली. पाय, हात, खांदे, दर पंधरा मिनिटांनी, गजर लावून. पण ती हलवी तेव्हा हालचाल तिची असे, त्यांची नसे, आणि आवाजाला जणू तेवढा फरक कळे. दोन दिवसांनी तो पाय हातात असतानाही येऊ लागला. तिने दंडाला चिमटा काढला. नारायणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, पापण्या फडफडल्या, आणि आवाज थांबला.

पाणी त्यांचं होतं. फडफड त्यांची होती.

"माफ करा," ती म्हणाली. "माफ करा हं. पण निजू नका."

मग चिमटे पुरेनासे झाले. पहिल्यांदा गालावर मारलं तेव्हा तिने हलकेच मारलं. दुसऱ्यांदा तसं केलं नाही. दुपारी डोळा लागून मान कलली की ती खांदे धरून त्यांना गदागदा हलवी, उशीवर डोकं आपटे, "जागे व्हा, जागे व्हा," म्हणत पंजा उगारी. एकदा आपलाच आवाज तिला परका वाटला. दुसरी-ब च्या वर्गातसुद्धा ती कधी कुणावर अशी ओरडली नव्हती. ती थांबली, बघितलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं होतं, आणि ते तिच्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

सकाळी गोजरबाई अंघोळ घालताना थांबली.

"बाई, भाऊसाहेबांच्या दंडाला काय झालंय?"

"चिमटा काढून बघते. संवेदना येते का ते."

"आन गालाला?"

सुनीती पाण्यात हात घालून गार-गरम बघत राहिली.

"म्या बी लई मार खाल्लाय, बाई. पाच बोटं उमटल्याली वळखते म्या." गोजरबाईने तांब्या खाली ठेवला. "तुमी थकलाया. पर हे बरं न्हाई. हातापायानं धड असता तर त्यांनी तुमचा हात धरला असता. आता ते कुनाला सांगतील?"

"गोजरबाई, तुला या खोलीत काही ऐकू येतं?"

गोजरबाईने मान तिरकी करून ऐकलं. नारायणराव ओले होते, थरथरत होते. खोली अगदी शांत होती.

"न्हाई," ती म्हणाली आणि सुनीतीकडे अशा नजरेने पाहिलं की सुनीतीने पुन्हा विचारलं नाही.

७

दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीने रुचा आली. बॅगही न ठेवता ती बापाच्या खोलीत गेली, चादर खाली केली, दंड पाहिले, गाल पाहिला. मग स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"गोजरबाईचा फोन आला होता."

"आलाच असेल."

"आई, तू बाबांना मारतेस?"

"हो."

रुचा ‘नाही’ ऐकायच्या तयारीत होती. ती खुर्चीवर बसली. "का?"

"हलावेत म्हणून."

"मारून हलणार आहेत ते? आई, तू सव्वीस वर्षं पोरं शिकवलीस. एका पोराला कधी छडी लावली नाहीस म्हणून सांगतात लोक."

सुनीतीने सांगितलं. ट्रे, पाच ढीग, दयाळ, जखम, आवाज. शाळेतला धडा सांगावा तसं क्रमाने, आवाज न चढवता. सांगताना तिलाच ऐकू येत होतं की हे कसं वाटतंय. शेवटी रुचाने आईचा हात हातात घेतला, आणि तो हात किती हळुवार घेतला त्यावरून सुनीतीला कळलं की मुलीने काय ठरवलंय.

"उद्या आपण बाबांना पुण्याला नेऊ. चांगलं केंद्र आहे, मी बोललेय. तुलाही आराम मिळेल. कुणाशी तरी बोल तू तिथे. आणि त्या अळ्या, मीच पाठवल्या होत्या, माझीच चूक, त्या आज काढून टाकू."

"काढून टाकायच्या नाहीत. मारायच्या."

"बरं. मारू."

"मी मारते. पण तोवर तू त्यांना हलवत राहा. एक मिनिट थांबायचं नाही, रुचा. रडले तरी थांबायचं नाही."

"हो आई."

"माझी शपथ घे."

"हो म्हटलं ना! जा तू."

८

पडवीत शेगडी होती. सुनीतीने मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं. उकळी फुटली तेव्हा बारा वाजून गेले होते. तिने पहिला ट्रे मोरीत ठेवला, कागद काढला आणि पदराने पातेलं धरून ओतलं.

हजारो अंगं एकदम ताठ झाली. कोंडा फसफसून वर आला, त्याबरोबर ती वर आली, एकमेकांना पिळे घालत, उलटी-सुलटी होत, आणि भाजलेल्या शेंगांसारखा वास सुटला. तो वास चांगला होता, हेच तिला सहन झालं नाही. तिने तोंड फिरवलं नाही. शेवटची हलायची थांबेपर्यंत ती बघत राहिली, मग काठीने ढवळून पुन्हा पाहिलं. दुसरं पातेलं चढवलं. हाताला चटका बसला होता, तो तिला कळलाही नाही. किती दिवसांत तिला असं हलकं वाटलं नव्हतं.

घरातून रुचाचा आवाज येत नव्हता. "हलवतेस ना?" तिने ओरडून विचारलं.

"हो गं!" उत्तर आलं.

दुसरं पाणी उकळायला पाऊण तास लागला. गॅस संपत आला होता. तिने दुसऱ्या ट्रेवरचा कागद काढला आणि ओतलं. कोंडा तरंगला. त्याच्यावर कातींचा जाड थर तरंगला, पिवळट, पोकळ, फुंकलं तर उडतील अशा. ती थांबली. काठीने तळापर्यंत ढवळलं. काती आणि कोंडा, दुसरं काही नव्हतं. या ट्रेमध्ये सगळ्यात मोठ्या अळ्या होत्या.

तिने तिसऱ्यावरचा, भुंग्यांच्या ट्रेवरचा कागद नुसता बोटाने उचलला. तोही रिकामा होता.

पातेल्यात अजून निम्मं पाणी होतं, उकळतं.

"आई!" रुचाने हाक मारली. ती हाक घाबरलेली नव्हती. "आई, लवकर ये! अगं, बघ तरी!"

सुनीती पातेलं तसंच घेऊन धावली. पाणी हिंदकळून पायावर सांडलं.

रुचा खाटेच्या कडेला बसली होती, गाल ओले, चेहरा उजळलेला. "मी म्हणत नव्हते? त्यांना विश्रांती हवी होती, आई. इतका वेळ कुणी हात लावला नाही, शांत झोपले होते, आणि आता बघ!"

"तू हलवलं नाहीस?"

"बघ तर खरं!"

नारायणरावांचा उजवा हात चादरीवर होता. नऊ महिन्यांपूर्वी गेलेला हात. त्याची बोटं एकेक करून उचलली जात होती आणि खाली येत होती. मनगट वळलं. कोपरापासून खांद्याकडे दंडाची कातडी संथपणे भरत गेली, ओसरली, पुन्हा भरली. चादरीखाली पोट हललं, मग गुडघा. सगळं अंग, इतके महिने दगडासारखं पडलेलं, आता कुठे ना कुठे हलत होतं.

"बोलायला बघतायत!" रुचा म्हणाली. खरोखरच गाल आतून हलत होता, ओठ विलग होत होते. तिने वाकून बापाच्या ओठांपाशी कान नेला. "थांब, आई, काहीतरी म्हणतायत. अगदी बारीक आवाज आहे. पावसासारखा..."

सुनीतीने नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. ते उघडे होते. खिडकीतून आलेलं ऊन सरळ त्यांच्यावर पडलं होतं, आणि पापणी मिटत नव्हती. ती बाजूला सरकली. ते तिच्यामागे आले नाहीत. सगळ्या अंगात तेवढेच दोन डोळे हलत नव्हते.

"रुचा," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी पातेलं वर उचललं. "कान काढ तिथून."